शरीरसंरचना मापनाच्या पद्धतीची निवड : महाविद्यालयीन क्रीडा व संशोधनाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण विभाग, गृहविज्ञान विभाग, राष्ट्रीय सेवा योजनेचे आरोग्य शिबिर अथवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी होणारी संघनिवड, या सर्व ठिकाणी विद्यार्थ्यांची उंची व वजन नोंदविले जाते. त्यावरून शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजेच सर्वपरिचित 'बी.एम.आय.', काढला जातो आणि विद्यार्थी 'सामान्य', 'स्थूल' अथवा 'कृश' या रकान्यात बसविला जातो. अलीकडे अनेक महाविद्यालयांत विद्युतरोधावर चालणारे वजनकाटेही आले आहेत. काट्यावर उभे राहताच मेदाची टक्केवारी दशांशासह छापून मिळते. मात्र हा आकडा कशाचा आहे, तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे आणि त्यावर किती भार टाकता येईल, या प्रश्नांकडे सहसा दुर्लक्ष होते.

या प्रश्नाचे गांभीर्य एका प्रसिद्ध उदाहरणावरून ध्यानात येते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बी.एम.आय. २२.३ होता. डेक्सा तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के आढळले. १६८ सेंटिमीटर उंची व ६३ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा बी.एम.आय. २२.३ येतो. अशा दोन व्यक्तींपैकी एकीच्या शरीरात पावणेसहा किलो आणि दुसरीच्या शरीरात सुमारे साडेतेरा किलो मेद असू शकतो, असा याचा अर्थ होतो. उंची-वजनाचा तक्ता दोघांनाही एकाच रकान्यात ठेवील.

मापनपद्धतीची निवड ही केवळ उपकरण खरेदीची बाब नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. चुकीच्या पद्धतीमुळे जोखीम असलेला विद्यार्थी निरोगी ठरतो, पिळदार शरीराचा खेळाडू स्थूल ठरतो आणि संशोधन प्रकल्पात उपकरणाच्या त्रुटीलाच प्रशिक्षणाचा परिणाम समजले जाते. 'सर्वांत चांगली पद्धत कोणती?' हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. 'कोणत्या प्रश्नासाठी, कोणाच्या शरीरावर आणि किती त्रुटी चालेल?' असे विचारल्यावरच पद्धतीची निवड शास्त्रीय होते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे

१. शरीरसंरचना मापनाच्या प्रमुख पद्धतींमागील तत्त्वे व गृहीतके स्पष्ट करणे.
२. भारतीय व्यक्तींच्या बाबतीत परदेशी सूत्रे व निकष वापरताना उद्भवणाऱ्या मर्यादांचा विचार करणे.
३. महाविद्यालयीन पातळीवर उद्देशानुसार पद्धत निवडण्याचे निकष मांडणे.

मापन नेमके कशाचे होते?

जिवंत माणसाच्या शरीरातील मेद प्रत्यक्ष तोलता येत नाही. मृत शरीराचे रासायनिक पृथक्करण हाच त्याचा थेट मार्ग होय. इतर सर्व पद्धती अप्रत्यक्ष आहेत. त्या घनता, विद्युतरोध, क्ष-किरणांचे शोषण अथवा त्वचाघडीची जाडी असे काहीतरी वेगळेच मोजतात आणि गृहीतकांच्या साहाय्याने मेदाचे अनुमान करतात. काही पद्धतींत अनुमानाची एकच पायरी असते, तर काहींत दोन किंवा तीन. प्रत्येक पायरीवर त्रुटीची भर पडते.

या शास्त्राचा पाया द्विघटक प्रतिमान हा आहे. शरीराचे मेद आणि मेदविरहित वस्तुमान असे दोन भाग कल्पिले जातात. मेदाची घनता प्रति घन सेंटिमीटर ०.९०० ग्रॅम व मेदविरहित भागाची १.१०० ग्रॅम मानली, तर संपूर्ण शरीराच्या घनतेवरून दोहोंचे प्रमाण काढता येते. सिरी यांचे १९६१ चे सूत्र याच तत्त्वावर आधारलेले आहे : ४९५ ला शरीराच्या घनतेने भागून त्यातून ४५० वजा केले असता मेदाची टक्केवारी मिळते. ब्रोझेक व सहकाऱ्यांचे १९६३ चे सूत्रही याच प्रकारचे आहे. मात्र या संदर्भमूल्यांमागे असलेल्या थेट पृथक्करणांची संख्या अत्यल्प होती. ब्रोझेक यांचे संदर्भशरीर केवळ तीन पुरुषांच्या मृतदेहांच्या पृथक्करणावर आधारलेले होते. मेदविरहित भागाची घनता वय, लिंग, हाडांतील खनिजांचे प्रमाण व शरीरातील पाणी यांनुसार बदलते. कनिष्ठ महाविद्यालयातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. त्यांच्या बाबतीत १.१०० हे मूल्य धरल्यास मेदाचे प्रमाण वास्तवापेक्षा अधिक दिसते.

असे असले तरी या प्रतिमानाचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. अमेरिकी नौदलाचे वैद्यकीय अधिकारी अल्बर्ट बेन्के व त्यांचे सहकारी वेल्हॅम यांनी १९४२ साली २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंची घनता मोजली. उंची-वजनाच्या तत्कालीन तक्त्यानुसार त्यांपैकी १७ खेळाडू अतिवजनामुळे सैन्यभरतीस अपात्र ठरले असते. घनतेच्या मापनातून मात्र त्यांचे अधिकचे वजन प्रामुख्याने स्नायूंचे असल्याचे दिसून आले. वजन म्हणजे मेद नव्हे, हा धडा ऐंशी वर्षांहून जुना आहे.

बी.एम.आय. व कमरेचा घेर

बी.एम.आय.ची कल्पना बेल्जियमचे सांख्यिकीतज्ज्ञ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. तिला आजचे नाव १९७२ साली अन्सेल कीज व सहकाऱ्यांनी दिले. केटले यांना 'सरासरी मनुष्या'चा अभ्यास करावयाचा होता, एखाद्या व्यक्तीचे निदान नव्हे. हजारो लोकांच्या सर्वेक्षणात हा निर्देशांक आजही उपयुक्त आहे, कारण तो स्वस्त, जलद आणि सहज पडताळता येणारा आहे. व्यक्तीच्या पातळीवर मात्र तो मेद, स्नायू व हाड यांत भेद करू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ साली आशियाई लोकसंख्येसाठी २३ व २७.५ हे अतिरिक्त कृतिबिंदू सुचविले. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीपत्रात २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानण्यात आली. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांना हे प्रौढांचे निकष लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी वयानुसार तयार केलेले संदर्भतक्ते, उदाहरणार्थ जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे तक्ते, वापरावे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या मधुमेहविषयक नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने व्यक्तीच्या स्थूलतेचे निदान केवळ बी.एम.आय.वरून करू नये आणि कमरेचा घेर अथवा मेदाच्या प्रत्यक्ष मापनाने त्याची खातरजमा करावी, अशी शिफारस केली.

कमरेच्या घेराला लागतो केवळ एक न ताणणारा मोजपट्टा. शेवटची बरगडी व कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, सहज उच्छ्वासाच्या शेवटी हे माप घेतले जाते. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा प्रचलित आहे. पोटातील मेदाचा मधुमेह व हृद्रोगाशी असलेला संबंध पाहता, आरोग्य शिबिरात हा साधा पट्टा महागड्या काट्यापेक्षा अधिक अर्थपूर्ण माहिती देऊ शकतो.

त्वचाघडी मापन

शरीरातील मेदाचा मोठा भाग त्वचेखाली असतो, या आधारावर कॅलिपरने त्वचाघडीची जाडी मोजली जाते. डर्निन व वोमर्सले यांनी १९७४ साली १६ ते ७२ वर्षे वयाच्या २०९ पुरुष व २७२ स्त्रियांच्या मापनांवरून सूत्रे तयार केली. त्यांत दंडाची पुढील बाजू, दंडाची मागील बाजू, खांद्याच्या पात्याखालील भाग व कमरेच्या हाडाच्या वरचा भाग या चार घड्यांची बेरीज वापरली जाते. जॅक्सन व पोलॉक यांची पुरुषांसाठीची सूत्रे १९७८ ची असून स्त्रियांसाठीची सूत्रे त्यांनी वॉर्ड यांच्यासह १९८० साली प्रसिद्ध केली. या सर्व सूत्रांत अनुमानाच्या दोन पायऱ्या आहेत : प्रथम घडीवरून घनता आणि नंतर घनतेवरून मेद.

एक उदाहरण घेऊ. वीस ते एकोणतीस वयोगटातील पुरुषाच्या चार घड्यांची बेरीज ४० मिलिमीटर असल्यास डर्निन-वोमर्सले सूत्राने घनता १.०६१८ येते आणि सिरींच्या सूत्राने मेद १६.२ टक्के होतो. मापन करणाऱ्याने प्रत्येक घडी केवळ एक मिलिमीटरने अधिक वाचली, तर बेरीज ४४ होते आणि मेद १७.३ टक्के दिसतो. घडी पकडण्यातील किंचित फरकाने निकाल एका टक्क्याहून अधिक हलतो. सूत्राची स्वतःची प्रमाण त्रुटी यापेक्षाही मोठी, साधारण साडेतीन टक्के, असते. त्यामुळे २० टक्के हा निष्कर्ष प्रत्यक्षात 'बहुधा साडेसोळा ते साडेतेवीसच्या दरम्यान' असा वाचावयास हवा.

या पद्धतीचे यश उपकरणापेक्षा हातावर अवलंबून असते. चांगला कॅलिपर सर्व जाडींवर प्रति चौरस मिलिमीटर १० ग्रॅम इतका स्थिर दाब देतो. स्वस्त प्लास्टिकच्या कॅलिपरबाबत ही खात्री देता येत नाही. मापस्थान हाडांच्या खुणांवरून शोधून पेनाने अंकित करावे, बोटांपासून एक सेंटिमीटर अंतरावर कॅलिपर लावावा आणि दोन सेकंदांनी वाचन घ्यावे, असा संकेत आहे. कमरेजवळील घडीच्या व्याख्या वेगवेगळ्या पद्धतींत वेगवेगळ्या आहेत. एका पद्धतीचे मापस्थान व दुसऱ्या पद्धतीचे सूत्र यांची सरमिसळ झाल्यास निष्कर्ष निरर्थक ठरतो.

जैवविद्युत रोध पद्धती

मेदविरहित ऊतींत पाणी व क्षार असल्याने त्यांतून विद्युतप्रवाह सहज जातो, मेदातून तो कष्टाने जातो. साधारणतः ५० किलोहर्ट्झ वारंवारतेचा, एक मिलिअँपिअरपेक्षा कमी असा न जाणवणारा प्रवाह शरीरातून सोडून रोध मोजला जातो. उंचीच्या वर्गाला रोधाने भागले असता शरीरातील पाण्याशी निगडित राशी मिळते. मेदविरहित भागात सुमारे ७३ टक्के पाणी असते असे धरून त्या भागाचे वस्तुमान काढले जाते आणि उरलेले वजन मेदाच्या खात्यावर टाकले जाते.

यातील मेख पाण्यात आहे. उपकरणाच्या पाण्याच्या अंदाजात एक लिटरची चूक झाली, तर मेदविरहित वस्तुमानात सुमारे १.३७ किलोची चूक होते. साठ किलो वजनाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही चूक मेदाच्या प्रमाणात २.३ टक्क्यांची भर घालते अथवा तितकीच घट दाखविते. सरावानंतर घामाने शरीर शुष्क झालेले असताना, जेवणानंतर लगेच अथवा मूत्राशय भरलेले असताना केलेले मापन याच कारणाने अविश्वसनीय ठरते. दुसरी अडचण शरीराच्या आकाराची आहे. धडात शरीराचे जवळपास निम्मे वजन असते, परंतु एकूण रोधात धडाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. हात-पाय बारीक असल्याने रोध मुख्यतः त्यांचाच मोजला जातो. केवळ पायांखाली विद्युतपट्ट्या असलेल्या काट्यात तर प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो आणि पोटाविषयीचे निदान बरेचसे सूत्रातून येते. हे सूत्र बहुतेक उत्पादक जाहीर करीत नाहीत. वय, लिंग, उंची व वजन हे घटक त्यात आधीच समाविष्ट असल्याने, छापून येणाऱ्या आकड्यात प्रत्यक्ष मापनाचा हिस्सा किती आणि लोकसंख्येच्या सरासरीचा किती, हे वापरकर्त्यास कळत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडील महाविद्यालयांत, जेथे वजनगटाची कुस्ती हा जिव्हाळ्याचा विषय आहे, तेथे ही मर्यादा विशेष महत्त्वाची आहे. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस, काही आठवड्यांच्या अवधीत, तीन महाविद्यालयीन मल्ल झपाट्याने वजन उतरविण्याच्या प्रयत्नात मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने मल्लाचे किमान वजन ठरविण्याची पद्धत आणली. प्रथम लघवीच्या विशिष्ट गुरुत्वावरून शरीरात पुरेसे पाणी असल्याची खात्री केली जाते, नंतर शरीरसंरचना मोजली जाते आणि मेद पाच टक्क्यांखाली जाईल असा वजनगट निवडण्यास मनाई केली जाते. पाण्याची तपासणी आधी आणि मेदाची नंतर, हा क्रम अनुकरणीय आहे.

जलतुला व वायुविस्थापन

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्याखालील वजनावरून शरीराचे आकारमान व घनता काढणे ही दीर्घकाळ प्रमाणभूत मानली गेलेली पद्धत होय. व्यक्तीने पूर्ण उच्छ्वास सोडून पाण्याखाली स्थिर राहावे लागते आणि फुप्फुसात उरलेली हवा स्वतंत्रपणे मोजावी लागते. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीबाबत उरलेल्या हवेच्या मापनात १०० मिलिलिटरचा फरक पडला तरी मेदाचे प्रमाण सुमारे ०.७ टक्क्याने बदलते. पोहता न येणाऱ्या अथवा पाण्याची भीती असलेल्या विद्यार्थ्यांकडून हे मापन नीट होत नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात आलेल्या वायुविस्थापन यंत्रात पाण्याऐवजी हवा वापरली जाते. बंद कक्षातील दाबाच्या बदलावरून आकारमान निघते. व्यक्तीला सोपी असली तरी ही यंत्रणा महाग आहे. शिवाय दोन्ही पद्धतींत घनतेवरून मेदाकडे जाताना द्विघटक प्रतिमानाची तीच गृहीतके पुन्हा वापरावी लागतात.

डेक्सा, समस्थानिक व प्रतिमा पद्धती

हाडांची घनता मोजण्यासाठी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले डेक्सा तंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांच्या शोषणावरून हाडातील खनिजे, मेद व इतर मृदू ऊती असे तीन घटक वेगळे करते. हात, पाय व धड यांचे स्वतंत्र आकडे मिळतात, हा त्याचा मोठा लाभ आहे. किरणोत्सर्गाची मात्रा अत्यल्प, काही मायक्रोसीव्हर्ट इतकीच असते. तरीही गर्भवती स्त्रियांची ही तपासणी टाळली जाते आणि भारतात असे यंत्र चालविण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. वेगवेगळ्या उत्पादकांच्या यंत्रांचे निष्कर्ष परस्परांशी थेट जुळत नाहीत. म्हणून प्रशिक्षणापूर्वीचे मापन एका केंद्रात व नंतरचे दुसऱ्या केंद्रात करणे गैर ठरते.

शरीरातील एकूण पाणी मोजण्यासाठी ड्युटेरिअम हे किरणोत्सर्गी नसलेले समस्थानिक असलेले थोडे पाणी प्यावयास देऊन काही तासांनी लाळेचा नमुना तपासला जातो. घनता, एकूण पाणी, हाडातील खनिजे व वजन यांचे एकत्रीकरण करणारे चतुर्घटक प्रतिमान आज संदर्भपद्धती म्हणून मान्य आहे, कारण त्यात कमीत कमी गोष्टी गृहीत धराव्या लागतात. पोटातील अवयवांभोवतीचा मेद थेट पाहावयाचा असल्यास चुंबकीय अनुस्पंदन अथवा सी.टी. स्कॅन आवश्यक ठरते. सी.टी. स्कॅनमधील किरणोत्सर्गाची मात्रा पाहता केवळ कुतूहलापोटी निरोगी विद्यार्थ्यांवर त्याचा वापर समर्थनीय नाही.

भारतीय शरीर व परदेशी सूत्रे

पुण्याच्या माता-पोषण अभ्यासातून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याची बालके जवळपास सर्वच मापांत लहान होती, परंतु खांद्याच्या पात्याखालील त्वचाघडीत हा फरक तुलनेने कमी होता. स्नायू व अवयव कमी, मेद मात्र टिकून, अशी ही 'कृश-मेदयुक्त' ठेवण जन्मापासूनच दिसते. लेखाच्या प्रारंभी दिलेले याज्ञिक-युडकिन उदाहरण याच ठेवणीचे प्रौढ रूप होय.

सूत्रांच्या दृष्टीने याचे तीन परिणाम संभवतात. पहिला म्हणजे समान बी.एम.आय.ला भारतीयांत मेद अधिक असल्याने बी.एम.आय.चे युरोपीय निकष जोखीम कमी दाखवितात. दुसरा परिणाम त्वचाघडीच्या सूत्रांचा आहे. मेद धडावर अधिक व हातापायांवर तुलनेने कमी साठत असेल, तर कोणत्या जागांच्या घड्या घेतल्या यावर निष्कर्ष बदलतो. तिसरा म्हणजे हातापायांच्या लांबीचे धडाशी असलेले प्रमाण वेगळे असल्यास विद्युतरोधाचे सूत्र चुकते. यास्तव कोणतेही सूत्र वापरताना ते कोणत्या वयाच्या, लिंगाच्या व वंशाच्या व्यक्तींवर तयार झाले आणि भारतीय गटात ते पडताळले गेले आहे काय, याचा शोध घेणे ही संशोधकाची पहिली जबाबदारी ठरते. असा पडताळा उपलब्ध नसल्यास टक्केवारी न काढता घड्यांची बेरीज मिलिमीटरमध्येच नोंदविणे अधिक प्रामाणिक होय. त्यात अनुमानाच्या दोन्ही पायऱ्या टळतात.

त्रुटी व खरा बदल

'बारा आठवड्यांच्या योगाभ्यासाने मेदात घट' यासारखे विषय महाविद्यालयीन संशोधनात वारंवार हाताळले जातात. अशा अभ्यासात नोंदलेला बदल मापनाच्या त्रुटीपेक्षा मोठा आहे काय, हे पाहणे अगत्याचे असते. त्यासाठी मापकाची तांत्रिक त्रुटी काढावी. प्रत्येक व्यक्तीच्या दोन मापनांतील फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज करावी, त्या बेरजेला व्यक्तिसंख्येच्या दुपटीने भागावे व वर्गमूळ काढावे. समजा, दहा विद्यार्थ्यांच्या घड्यांच्या बेरजेतील फरकांच्या वर्गांची बेरीज २२ आली. २२ ला २० ने भागून वर्गमूळ काढल्यास त्रुटी १.०५ मिलिमीटर येते. एका व्यक्तीतील बदल ९५ टक्के विश्वासाने खरा मानण्यासाठी तो या त्रुटीच्या २.७७ पटीहून, म्हणजे सुमारे २.९ मिलिमीटरहून, अधिक हवा. बेरीज ४० वरून ३७ वर आली तर या कसोटीला ती जेमतेम उतरेल. ३८ वर आली तर नाही.

गटाच्या सरासरीत यादृच्छिक चुका परस्परांना बऱ्याच अंशी रद्द करतात, त्यामुळे लहान बदलही ओळखता येतो. परंतु पद्धतशीर चूक सरासरीने नाहीशी होत नाही. उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यात संपलेल्या प्रकल्पात शरीरातील पाण्याचे प्रमाणच वेगळे असू शकते. नियंत्रित गट असल्याशिवाय हा परिणाम वेगळा काढता येत नाही.

दोन पद्धतींची तुलना करताना केवळ सहसंबंध गुणांक देण्याची प्रथाही सदोष आहे. एक यंत्र दुसऱ्यापेक्षा प्रत्येक वेळी पाच टक्के अधिक दाखवीत असेल, तरी सहसंबंध पूर्ण १ येईल. ब्लँड व ऑल्टमन यांनी १९८६ साली सुचविल्याप्रमाणे दोन पद्धतींतील फरकांची सरासरी व त्या फरकांच्या मर्यादा मांडणे हाच योग्य मार्ग होय.

उद्देशानुसार निवड

वरील विवेचनावरून महाविद्यालयीन पातळीवर पुढीलप्रमाणे निवड सुचविता येते.

१. मोठ्या गटाचे आरोग्य सर्वेक्षण : बी.एम.आय.सोबत कमरेचा घेर. निकष आशियाई अथवा भारतीय असावेत व अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी वयानुसार तक्ते वापरावेत.
२. खेळाडूच्या प्रगतीचा मागोवा : प्रशिक्षित व शक्यतो एकाच मापकाने घेतलेली त्वचाघड्यांची बेरीज, मापकाच्या त्रुटीसह. टक्केवारी अनिवार्य नाही.
३. वजनगटाचे खेळ : शरीरातील पाण्याची तपासणी झाल्याखेरीज कोणतेही मेदमापन ग्राह्य धरू नये.
४. विद्युतरोधाचा काटा उपलब्ध असल्यास : तेच यंत्र, सकाळची तीच वेळ, उपाशी पोट, मूत्रविसर्जनानंतर व आधीच्या बारा तासांत व्यायाम नाही, या अटी पाळून केवळ दिशा पाहण्यासाठी वापर करावा. हृदयात पेसमेकर असलेल्यांना हे मापन वर्ज्य आहे.
५. संशोधन प्रकल्प : शक्य असल्यास एखाद्या रुग्णालयाच्या अथवा संशोधन संस्थेच्या सहकार्याने डेक्सा, आणि संपूर्ण अभ्यासात एकच यंत्र. किमान काही व्यक्तींवर संदर्भपद्धतीने पडताळा घेतल्यास क्षेत्रीय पद्धतीचे मोल वाढते.

नैतिक बाजू

त्वचाघडी मापनात विद्यार्थ्याच्या शरीराला स्पर्श करावा लागतो आणि वस्त्रे काही अंशी दूर करावी लागतात. लेखी संमती, बंदिस्त जागा आणि विद्यार्थिनींसाठी स्त्री मापक या बाबी अपरिहार्य आहेत. संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मान्यता घ्यावी लागते. निष्कर्षांची यादी सूचनाफलकावर लावणे अथवा वर्गात मोठ्याने वाचणे सर्वथा अयोग्य होय. 'मेद कमी तितके चांगले' ही समजूतही घातक आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१४ च्या सहमतीपत्राने खेळाडूंतील ऊर्जेच्या सापेक्ष कमतरतेकडे लक्ष वेधले. तिच्यामुळे मासिक पाळीत अनियमितता येते, हाडे दुबळी होतात व कामगिरी घसरते. टक्केवारीचे लक्ष्य देऊन धावपटू मुलीला उपाशी ठेवणारा प्रशिक्षक मापनाचा नव्हे, तर मापनाच्या अज्ञानाचा बळी घेत असतो.

निष्कर्ष

१. शरीरसंरचना मापनाची प्रत्येक पद्धत अप्रत्यक्ष असून तिचा निष्कर्ष गृहीतकांइतकाच विश्वसनीय असतो.
२. पद्धतीची निवड उद्देश, व्यक्तिगट व स्वीकारार्ह त्रुटी यांवरून करावी, उपकरणाच्या किमतीवरून अथवा नावीन्यावरून नव्हे.
३. भारतीय विद्यार्थ्यांबाबत परदेशी सूत्रांतून मिळालेली टक्केवारी पडताळ्याशिवाय निर्णायक मानू नये. बी.एम.आय. सामान्य असणे हे मेद सामान्य असल्याचे प्रमाण नव्हे.
४. पद्धत, यंत्र, मापक व परिस्थिती कायम ठेवल्यास साधी साधनेही उपयुक्त माहिती देतात. यांपैकी काहीही बदलल्यास महाग यंत्राचा आकडाही तुलनायोग्य राहत नाही.
५. प्रत्येक अहवालात वापरलेले सूत्र, मापस्थाने, उपकरण व मापकाची तांत्रिक त्रुटी यांची नोंद असावी. आकड्यासोबत त्याची त्रुटी सांगण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर तो या विषयाच्या अध्यापनाचा सर्वांत मोठा लाभ ठरेल.